बेन आमचा हिरो होता : जुने कौटुंबिक विज्ञान-विनोदी सिनेमे आणि त्यातली माणसं

कृष्णाकाठ

माझा भाऊ गेली १८ वर्षं अमेरिकेत, फ्रीमाँटला आहे. दर उन्हाळ्यात त्याची लेक महिनाभर सांगलीला आमच्याकडे येते. बारा वर्षांची आहे. आंबा चोखून खायला ती आमच्याकडेच शिकली. यंदा तिला म्हटलं, चल, तुझ्या बाबाचा आणि माझा सगळ्यात लाडका सिनेमा दाखवते. 'शॉर्ट सर्किट'.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : १९८६ सालचा सिनेमा, दिग्दर्शक जॉन बॅडम. लष्करासाठी बनवलेल्या पाच यंत्रमानवांपैकी पाचव्याला विजेचा झटका बसतो आणि तो जिवंत होतो. त्यात एक प्रसंग आहे. हा यंत्रमानव टोळाच्या मागे टोळासारख्याच उड्या मारत जातो आणि चुकून त्याच्यावरच पडतो. मग तो त्या चिरडलेल्या टोळाकडे बघून सांगतो, याला पुन्हा जोड. त्याला घरात आसरा देणारी मुलगी म्हणते, नाही जोडता येत, तो मेला. तेवढ्यात त्या यंत्राला कळतं की आपले भाग सुटे करणार म्हणजे आपल्याला मारणार. सातवीत असताना मी या प्रसंगाला रडले होते. भाचीचेही डोळे भरले.

पण धागा टोळाचा नाही, बेनचा आहे. यंत्रमानव बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचा सहकारी बेन. भारतीय. आमच्या गल्लीत तेव्हा व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि एका रात्रीत तीन-तीन कॅसेटी बघायचे. ही कॅसेट दादाने परत द्यायच्या आधी लागोपाठ दोनदा पाहिली, पुढे कित्येकदा आणली. बेनचे संवाद त्याला तोंडपाठ होते. बेनला कुणीतरी विचारतं, तू मूळचा कुठला? बेन म्हणतो, बेकर्सफील्डचा, म्हणजे कॅलिफोर्नियातलाच. तसं नाही, तुझे पूर्वज? ते होय, ते पिट्सबर्गचे, म्हणजे तेही अमेरिकेतलेच. हे दादा जेवताना, गच्चीत, कुठेही म्हणायचा. इंग्रजी सिनेमात आपल्यासारखा दिसणारा माणूस, तोही यंत्रमानव बनवणारा, आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. दादा इलेक्ट्रॉनिक्सला गेला त्यात बेनचा वाटा आहे, असं तो आजही सांगतो. अमेरिकेत गेल्यावर लॉस एंजेलिसच्या वाटेवर बेकर्सफील्डची पाटी दिसली, तेव्हा त्याने गाडी थांबवून मला फोन केला होता.

तर परवा दहा मिनिटांत भाची म्हणाली, "आत्या, हा माणूस इंडियन नाहीये."

मी म्हटलं, कशावरून?

"बाबा असं बोलत नाही. तू असं बोलत नाहीस. शाळेत मुलं माझी टर उडवतात ना, तेव्हा ती अस्संच बोलतात."

सिनेमा थांबवला आणि शोधलं. फिशर स्टीव्हन्स नावाचा गोरा नट, जन्म शिकागोचा. तोंडाला तपकिरी रंग लावून बेन झाला होता. मला ३५ वर्षं पत्ता नव्हता. पहिल्या भागात त्याचं आडनाव जबितुया आहे आणि दुसऱ्यात जाहरवी. दोन्ही आडनावं कुठल्या प्रांताची ते मला आजही सांगता येणार नाही. लहानपणी हा प्रश्न पडलाच नाही.

रात्री दादाला फोनवर सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण माझ्यासाठी तो खराच होता गं."

मला हेच तुम्हा सगळ्यांशी बोलायचंय. हे सिनेमे आपले आहेत, लहानपण त्यांच्यावर पोसलंय. आता पुढच्या पिढीला दाखवताना काय करायचं? तुम्हाला असे आणखी कुठले सिनेमे आठवतात?

---

देवदत्त_ठाणे

कृष्णाकाठ, छान लिहिलंयत. पण मी थोडा वेगळा विचार मांडतो.

१९८६ साली हॉलिवूडच्या सिनेमात भारतीय माणूस म्हटला की गारुडी, महाराजा नाहीतर साधू. तिथे बेन हुशार तंत्रज्ञ आहे, प्रेमळ आहे, यंत्रमानवाच्या बाजूने उभा राहतो. तो बेकर्सफील्डचा विनोद तर मला फार धीट वाटतो. "तू खरा कुठला?" हा प्रश्न परदेशातल्या आपल्या माणसांना आजही विचारतात, आणि त्या प्रश्नाचं तोंड त्या एका वाक्याने बंद केलंय. त्या काळातलं पाऊल त्या काळाच्या मानानेच मोजायला हवं.

---

मिसिसागाकर

देवदत्त, त्या विनोदाबद्दल पूर्ण सहमत. पण १९८८ चा दुसरा भाग आठवून बघा. त्यात बेन नागरिकत्वासाठी धडपडतोय, इंग्रजी वाक्प्रचार उलटेसुलटे बोलतोय. मग बेकर्सफील्ड कुठे गेलं? पहिल्या भागात अमेरिकेत वाढलेला माणूस दुसऱ्या भागात नुकताच बोटीतून उतरल्यासारखा. लिहिणाऱ्यांना तो कुठला आहे याने फरकच पडत नव्हता, म्हणून असं झालं.

आणि तरी, हे मी मनापासून सांगतो, दुसरा भाग मला जास्त आवडतो, कारण त्यात बेनच नायक आहे. शहरात रस्त्यावर उभा राहून स्वतः बनवलेले खेळण्यातले यंत्रमानव विकतो. एका दुकानाच्या खरेदी विभागातली मुलगी एकदम १००० नगांची मागणी देते आणि तिच्याशीच त्याची प्रेमकथा रंगते. शेवटी बेन आणि जॉनी फाइव्ह, म्हणजे तो पाचवा यंत्रमानव, दोघेही एकत्र अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतात. १९८८ साली भारतीय माणूस नायक, गोऱ्या नायिकेबरोबर त्याचं प्रेम, आणि हे सगळं लहान मुलांच्या सिनेमात! पात्राला एवढं सगळं दिलं, फक्त ते साकारायला भारतीय माणूस घेतला नाही. मला सगळ्यात जास्त हे टोचतं.

अवांतर : चित्रीकरण टोरांटोत झालंय. आमच्या इथले रस्ते त्यात ओळखू येतात. त्याच भागात गाड्यांचे टेप चोरणारी 'लोस लोकोस' ही लॅटिनो पोरांची टोळी आहे. एकाला नायक करताना दुसऱ्याला चोर करून मोकळे झाले.

---

रानजाई

कृष्णाकाठताई, तुमच्यासारखंच एका नामवंत माणसाचं झालंय. अझीझ अन्सारी, तमिळ आईवडिलांचा मुलगा, साउथ कॅरोलायनात वाढलेला विनोदी नट. त्याने २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लेख लिहिला होता. लहानपणी 'शॉर्ट सर्किट २' मधला भारतीय नायक बघून तो हरखून गेला होता. कॉलेजात गेल्यावर त्याला कळलं की तो नट गोरा होता. त्याच वर्षी त्याच्या 'मास्टर ऑफ नन' या मालिकेत टीव्हीवरच्या भारतीयांवर अख्खा भाग होता, त्यातही हे येतं.

अन्सारी स्वतः फिशर स्टीव्हन्सशी बोलला. त्यातून कळतं की बेनचं पात्र आधी गोरंच लिहिलं होतं. मग सिनेमा करणाऱ्यांनी ते भारतीय करायचं ठरवलं. नट गोरा तो गोराच राहिला. स्टीव्हन्सने उच्चार शिकायला शिक्षक ठेवला, दुसऱ्या भागाआधी महिनाभर भारतात राहून आला. म्हणजे त्या नटाने मेहनत घेतली, कुचेष्टा करायचा त्याचा हेतू नव्हता. पण ती सगळी मेहनत जे काम आपल्या माणसाला जन्मतःच येतं ते शिकण्यासाठी होती, आणि तो आपला माणूस तेव्हा कामासाठी दारोदार फिरत असणार.

---

अरुंधती_म

हा धागा वाचून मला अर्नी हडसन हे काळे नट आठवले. 'घोस्टबस्टर्स' (१९८४) मधला चौथा, विन्स्टन झेडमोर. कुटुंबाने एकत्र बसून बघायच्या सिनेमांत तो आमच्या घरी पहिल्या नंबरवर होता. भुतांचा असला तरी सगळी भिस्त यंत्रांवर, म्हणून इथे चालावा.

हडसन यांनी २०१४ साली स्वतः लिहिलंय. त्यांना मिळालेल्या पहिल्या संहितेत विन्स्टन सुरुवातीपासून होता, हवाई दलातून आलेला, जबाबदार माणूस. चित्रीकरणाच्या आदल्या रात्री नवी संहिता हातात पडली. आठव्या पानावर येणारा विन्स्टन आता अडुसष्टाव्या पानावर येत होता. हवाई दलही गेलं. राहिला तो फक्त नोकरी शोधत आलेला माणूस, जो म्हणतो, नियमित पगार देणार असाल तर तुम्ही सांगाल त्यावर विश्वास ठेवतो.

तेच वाक्य पुढे लोकांच्या तोंडी बसलं, कारण सामान्य माणूस असंच बोलतो. पण पोस्टरवर बाकीचे तिघेच. आणि एवढ्यावर थांबलं नाही. १९८६ मध्ये याचं कार्टून निघालं तेव्हा विन्स्टनच्या आवाजासाठी हडसन चाचणी द्यायला गेले. स्वतःच्याच पात्रासाठी! ते काम आर्सेनियो हॉलला मिळालं.

मी ३० वर्षं बँकेत नोकरी केली. काम चौघांनी करायचं आणि फोटोत तिघांनी यायचं, हे मी फार जवळून पाहिलंय. म्हणून हडसन यांचा लेख वाचताना माझ्या घशात आवंढा आला. नंतर २०२१ च्या सिनेमात विन्स्टन यशस्वी उद्योजक झालेला दाखवलाय, २०२४ च्या सिनेमात तर त्याच्याच पैशावर सगळा कारभार चालतो. बघताना बरं वाटलं. पण हडसन यांची मधली ३७ वर्षं कोण भरून देणार?

---

गिटारवेडा

'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) चा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. माझा जीव की प्राण असलेला सिनेमा.

लोकांचा नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. १९८५ मधून कालप्रवास करून गेलेला गोरा पोरगा मार्टी १९५५ सालच्या नाचाच्या कार्यक्रमात 'जॉनी बी. गुड' हे चक बेरी या काळ्या गायक-गिटारवादकाचं पुढे गाजलेलं गाणं वाजवतो. काळ्या वादकांच्या बँडचा प्रमुख मार्व्हिन बेरी आपल्या चुलतभावाला फोन लावतो, "चक, तू शोधत होतास ना तो नवा आवाज, हा ऐक." म्हणजे रॉक अँड रोल एका गोऱ्या पोराने चक बेरीला शिकवलं.

मी वर्षानुवर्षं भांडायचो की हा नुसता कालप्रवासाचा खेळ आहे, मार्टी ते गाणं चक बेरीकडूनच शिकलाय. गिटार हातात घेतल्यावर माझं मत बदललं. चक बेरीचं 'मेबेलीन' जुलै १९५५ मध्ये बाजारात आलं आणि गाजलं. सिनेमातला तो नाच १२ नोव्हेंबर १९५५ चा. म्हणजे त्या रात्री चक बेरी कुठलाही नवा आवाज शोधत नव्हता. त्याचा आवाज चार महिन्यांपूर्वीच रेडिओवर वाजत होता. ते सुरुवातीचं वाजवणं ज्याने बोटं सोलेस्तोवर घोटलंय त्यालाच कळेल की ते फोनवरून ऐकून घेण्याइतकं स्वस्त नाही.

पण त्याच सिनेमात गोल्डी विल्सन आहे, आणि तो मला अजूनही भारी वाटतो. हॉटेलात लादी पुसणारा काळा तरुण. मी रात्रशाळेत जाणार, आयुष्यात काहीतरी होणार, हे तो आधी स्वतःच्या तोंडाने सांगतो. मार्टी फक्त "हा महापौर होणार" असं बोलून जातो. हॉटेलमालक म्हणतो, काळा महापौर? तो दिवस उजाडू दे! गोल्डी म्हणतो, बघाच तुम्ही, मी हे गाव साफ करीन. मालक उत्तर देतो, छान, आधी लादी झाडायला घे. तरी १९८५ च्या गावात महापौर गोल्डीच असतो. एका मिनिटाच्या भूमिकेत मालकाचा वर्णद्वेषही दिसतो आणि गोल्डीची जिद्दही. एकाच सिनेमात हे इतकं नेमकं आणि ते इतकं चुकीचं, दोन्ही आहे.

आणि मॉलच्या आवारात गोळ्या झाडत येणारे लिबियन लोक. त्यांना तर माणूस म्हणून एक वाक्यही नाही.

---

फाटककाका

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी ७४ वर्षांचा आहे, माझं प्रामाणिक मत मांडतो. विनोदी सिनेमात सगळेच हास्यास्पद असतात. विक्षिप्त शास्त्रज्ञ हास्यास्पद, लष्करी अधिकारी हास्यास्पद. मग भारतीय माणूस हास्यास्पद असला तर वेगळं वाईट का वाटून घ्यायचं? आपल्या नाटक-सिनेमांत आपण वर्षानुवर्षं मद्रासी, मारवाडी, भय्या यांच्या बोलीवर हसत आलोच ना? त्यात कुणाचा द्वेष नव्हता.

---

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून सावकाश उत्तर देते.

विक्षिप्त शास्त्रज्ञाला हसून झाल्यावर त्याच सिनेमात दहा धड गोरे दिसतात. बेनला हसल्यावर दुसरा भारतीय दिसतच नाही. मग तो एकटाच सगळ्यांच्या वतीने उभा असतो. माझ्या भाचीच्या वर्गातल्या मुलांनी 'शॉर्ट सर्किट' पाहिला असण्याची शक्यता फार कमी. पण ती बोली त्यांच्यापर्यंत पोचली. कुणाकडून तरी, कुणाच्या तरी वडिलांकडून. आणि ती वापरली जाते डबा उघडणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलीवर.

आपण मद्रासी बोलीवर हसलो हे खरंच आहे. माझ्या शाळेत एक कन्नड मुलगी होती. तिच्या 'ळ' वर आम्ही हसायचो. तिने आमच्या वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. भाची बोलली त्या रात्री मला तिची आठवण आली.

---

शमा_कोल्हापूर

वर्णाबद्दल सगळे बोललात, मी बायकांबद्दल बोलते.

'स्मॉल वंडर' आठवतंय? स्टार प्लसवर हिंदीत लागायचं. आमच्या पिढीला विकी तोंडपाठ आहे. टेड लॉसन नावाचा अभियंता मुलीच्या रूपातला यंत्रमानव बनवतो आणि मुलगी म्हणून घरी आणतो. आम्ही मैत्रिणी विकीसारखं सपाट आवाजात बोलत शाळेतून घरी यायचो.

हल्ली यूट्यूबवर काही भाग पुन्हा पाहिले. विकी एका हाताने सोफा उचलते, अख्खं पुस्तक क्षणात वाचते. आणि एवढी ताकद असून झोपते कुठे? भावाच्या खोलीतल्या कपाटात. उभी. अंगात कायम तोच लाल-पांढरा फ्रॉक. सांगितलेलं अक्षरशः ऐकायचं, उलट बोलायचं नाही, घरची कामं उपसायची. तेव्हा मला ते मजेशीर वाटायचं. आता मला मुलगी आहे आणि त्या कपाटाचं दार बंद होताना मला बघवत नाही.

'जेटसन्स' कार्टून १९६२ चं, गोष्ट १०० वर्षांनंतरची, २०६२ ची. गाड्या उडतायत, जेवण बटणावर येतंय. पण आई घरीच, आणि यंत्रमानव मोलकरीण रोझी हिलासुद्धा कमरेला एप्रन! त्या आकाशातल्या शहरात काळा माणूस एकही नाही. भविष्य रंगवायला बसलेल्यांना उडती गाडी सुचली, ऑफिसात जाणारी आई सुचली नाही.

याउलट 'गॅलक्सी क्वेस्ट' (१९९९) मध्ये सिगॉर्नी वीव्हरच्या पात्राचं यानातलं काम एकच, कॉम्प्युटर बोलला की तेच पुन्हा बोलायचं. आणि ती स्वतःच त्यावर चिडते. सिनेमाला आपल्याच जातकुळीची खोड कळलीय, म्हणून तो प्रसंग बघताना मोकळं हसू येतं.

---

पाटीपेन्सिल

मी नाशिकला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. धागा परदेशी सिनेमांचा आहे तरी 'कोई... मिल गया' (२००३) बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना तो सिनेमा अतिशय आवडतो. रोहितची स्कूटर, त्याचे छोटे दोस्त, आईशी असलेलं नातं, सगळं त्यांना आपलं वाटतं. मोठ्या पडद्यावर आपल्यासारखा कुणीतरी दिसतो याचा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. म्हणून त्या सिनेमाला मी वाईट म्हणणार नाही.

पण जादू नावाचा परग्रहवासी रोहितला शक्ती देतो, मग रोहितला चष्मा लागत नाही, गणित येतं, बास्केटबॉल येतो, नाच येतो. नायक तो तेव्हा होतो. एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "मॅडम, आपल्याकडे जादू कधी येणार?" मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण घरी जाऊन मी जेवले नाही. जादू गेल्यावर रोहितची शक्तीही जाते, तिथे सिनेमा संपला असता तर? लोकांनी तसाच रोहित स्वीकारला असता तर? शेवटी शक्ती परत येतेच.

---

हावड्याचा_पूल

नोकरीनिमित्त १२ वर्षं कोलकात्यात आहे, त्यामुळे एक गोष्ट सांगतो. ती या धाग्यात बसते.

१९६७ च्या सुमारास सत्यजित राय यांनी 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात अंतराळयान उतरतं. कमळांमधून त्याचं टोक वर दिसतं आणि गावकऱ्यांना वाटतं, बुडालेलं देऊळ वर आलं. त्यातून येतो एक छोटा, खोडकर परग्रहवासी, आणि त्याची गट्टी जमते हाबा नावाच्या गरीब पोराशी. कोलंबिया पिक्चर्सशी बोलणी झाली होती. मारवाडी उद्योगपतीच्या भूमिकेसाठी नाव होतं पीटर सेलर्सचं. म्हणजे राय यांच्या सिनेमातही भारतीय भूमिका गोऱ्या नटाकडे जाणार होती, हे या धाग्यासाठी नोंदवून ठेवतो.

तो सिनेमा झालाच नाही. १९८२ मध्ये 'ई. टी.' आला. राय म्हणाले की त्यांच्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरत नसत्या तर 'ई. टी.' झाला नसता. स्पीलबर्ग यांनी ते नाकारलं. त्या वादात मला पडायचं नाही. मला एवढंच वाटतं, लहान मुलाचा परग्रहावरचा मित्र म्हटलं की जगभरच्या मुलांना कॅलिफोर्नियातलं घर आणि सायकली आठवतात. त्याऐवजी तळं, कमळं आणि हाबा आठवला असता.

---

डलासची_मावशी

'मेन इन ब्लॅक'! आम्ही १९९८ साली इथे आलो. आमच्या अहोंच्या पहिल्या करपत्रकाच्या वेळी 'नॉन-रेसिडेंट एलियन' असा शब्द वाचला आणि मी घाबरलेच होते. ऑफिसातल्या एका तेलुगू बाईंनी समजावलं, बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाला इथला कायदा एलियनच म्हणतो.

त्याच महिन्यात कॅसेट आणून हा सिनेमा पाहिला. सुरुवातीलाच मेक्सिकोतून लपून आलेल्या माणसांची गाडी सीमेवर पोलिसांनी अडवलेली असते. टॉमी ली जोन्स येतो, एकेकाकडे बघतो आणि खऱ्या परग्रहवासीयाला बाजूला काढून बाकी सगळ्यांना जाऊ देतो. पुढे तर न्यूयॉर्कमध्ये परग्रहवासी टॅक्सी चालवतायत, दुकानं चालवतायत, कागदपत्रांसाठी रांगेत उभे आहेत. आम्ही दोघं नुकतेच तशाच रांगेत उभे राहून आलो होतो. आणि हा सगळा पसारा ज्याच्या नजरेने दिसतो तो विल स्मिथ, काळा नायक, पोस्टरवर बरोबरीने. विन्स्टननंतर १३ वर्षांनी.

त्या सिनेमात आमच्यासारखा दिसणारा कुणी मला आठवत नाही. पण आमच्यासारखा रांगेत उभा राहणारा होता. त्या परक्या शहरात मला पहिल्यांदा सोबत वाटली ती त्या वेड्यावाकड्या प्राण्यांची.

---

मिसिसागाकर

कृष्णाकाठ, भाची परत जायच्या आत तिला एक सिनेमा नक्की दाखवा. 'बॅटरीज नॉट इन्क्लूडेड', १९८७. या सगळ्या वर्षांतला मला सगळ्यात माणुसकीचा वाटलेला.

न्यूयॉर्कमधली एक मोडकळीला आलेली चाळवजा इमारत, बिल्डरला ती पाडायचीय. आत उरलेली मोजकी माणसं. जेसिका टँडी आणि ह्यूम क्रोनिन हे म्हातारं जोडपं, बाईंना विस्मरण झालेलं. गरोदर मारिसा, एलिझाबेथ पेन्याने केलेली. हॅरी नावाचा आडदांड काळा माणूस, पूर्वीचा मुष्टियोद्धा, फ्रँक मॅक्रे यांनी केलेला. बोलला तर टीव्हीवरच्या जाहिरातींची वाक्यं बोलतो. एका रात्री छोट्या उडत्या तबकड्या येतात आणि मोडलेलं सगळं दुरुस्त करायला लागतात.

बिल्डरचा गुंड कार्लोस हा पुन्हा लॅटिनोच, तो दोष आहे. पण म्हाताऱ्या बाईंना तो आपला गेलेला मुलगा वाटतो, आणि आग लागल्यावर त्यांना बाहेर काढायला तो मुलगा बनूनच आत शिरतो. इथे त्याला गुंड म्हणून सोडून दिलेलं नाही.

---

फाटककाका

कृष्णाकाठताई, तुमचं उत्तर वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझे शेजारी उडुपीचे, ४० वर्षांचा शेजार. काल सहज विचारलं, तुम्हाला आमच्या नाटकांतल्या अण्णाचं कधी वाईट वाटलं का? ते म्हणाले, "वाटायचं. म्हणून मुलांना मराठी शाळेत घातलं, उच्चार तुमच्यासारखे व्हावेत म्हणून." ४० वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. माझं वरचं मत मी मागे घेतो.

---

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला.

काल रात्री 'बॅटरीज' पाहिला, आज पहाटे ती मुंबईला निघाली. तिला सगळ्यात आवडला हॅरी. जिन्याखालच्या जमिनीतल्या उखडलेल्या फरशीचे रंगीत तुकडे तो एक एक करून पुन्हा जागेवर बसवत असतो, कुणी सांगितलेलं नसताना. तबकड्यांचं एक पिल्लू निपचित जन्मतं, म्हातारी बाई त्याला कुंडीत पुरते. हॅरी ते उकरून काढतो आणि स्वतःचा टीव्ही फोडून त्याचे भाग घालून त्याला जिवंत करतो. ज्या टीव्हीतून त्याला सगळी वाक्यं मिळाली तोच टीव्ही. भाची उठून पडद्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आत्या, हा नीट बोलतसुद्धा नाही, पण त्याला कुणी हसत नाहीये."

बेनचं काय करायचं, ते मात्र तिनेच ठरवलं. परत गेल्यावर बाबाबरोबर 'शॉर्ट सर्किट' पुन्हा बघणार म्हणाली. मी म्हटलं, नको गं, तुला त्रास होईल.

"आवाज बंद करून बघणार. बेन आला की बाबाने बोलायचं. त्याला सगळं पाठ आहे ना?"

मघाशी दादाला फोन करून विचारलं. त्याने फोनवरच पूर्वजांचं वाक्य म्हणून दाखवलं. स्वतःच्या आवाजात, सांगलीच्या उच्चारात.